चित्रात तिच्या हातात काय द्यायचं?

माझी भाची अमेरिकेहून आली तेव्हा तिच्या मुलीची पाच-सहा पुस्तकं बरोबर घेऊन आली होती. जाताना बॅगांचं वजन जास्त भरलं, म्हणून त्यातली तीन पाथर्डीलाच राहिली. दोन सशा-अस्वलांची आहेत. तिसरं मात्र मी आतापर्यंत चार वेळा वाचलं. (इंग्रजी माझं मराठी माध्यमाच्या बी.ए.चं, त्यामुळे डिक्शनरी शेजारी घेऊनच. पण चित्रपुस्तक असल्यामुळे निभावलं.)

पुस्तकाचं नाव 'द डॉक्टर विथ ॲन आय फॉर आइज'. लिहिलंय ज्युलिया फिन्ली मोस्का यांनी, चित्रं डॅनियल रायली यांची, साल २०१७. डॉ. पॅट्रिशिया बाथ या काळ्या अमेरिकन नेत्रतज्ज्ञ बाईंची ही गोष्ट, सगळी यमकात बांधलेली. शेवटी मोठ्यांसाठी गद्यात माहिती आणि सनावळ्या. पहिली-दुसरीतल्या पोरांना मांडीवर घेऊन वाचून दाखवायचं पुस्तक.

बाथबाईंची हकीकत थोडक्यात सांगते. जन्म १९४२ चा, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला. वडील त्रिनिदादहून आलेले, भुयारी रेल्वेत मोटरमन. आई लोकांच्या घरी कामाला जाणारी. त्या आईनं पोरीला लहानपणी रसायनांच्या प्रयोगांचा संच विकत आणून दिला. पोरगी डॉक्टर झाली. हार्लेमचं इस्पितळ आणि कोलंबिया विद्यापीठाचा नेत्रविभाग अशा दोन्हीकडे काम करताना तिच्या लक्षात आलं, की हार्लेममध्ये दृष्टी गेलेले रुग्ण फार दिसतात आणि तिकडे फारच कमी. नुसतं लक्षात येऊन ती थांबली नाही. तिनं मोजलं. काळ्या लोकांत अंधत्वाचं प्रमाण गोऱ्यांच्या दुप्पट निघालं, आणि कारण म्हणजे वेळेवर न मिळालेले उपचार. मग वस्तीत जाऊन डोळे तपासायचे, ही कल्पना तिनं लावून धरली. १९७४ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात नेत्रविभागात रुजू झाली तेव्हा तिला बसायला खोली दिली ती तळघरात, प्रयोगाच्या प्राण्यांच्या शेजारी. तिनं ती घेतली नाही, दुसरी मागून घेतली. १९८१ मध्ये लेसरनं मोतीबिंदू काढायचं तंत्र तिला सुचलं, ते सिद्ध करायला पुढची काही वर्षं गेली आणि १९८८ मध्ये त्या यंत्राचं पेटंट तिच्या नावावर झालं. २०१९ मध्ये त्या गेल्या.

माझ्याही दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले आहेत, म्हणून मी जरा खोलात शिरले. आपल्याकडे सर्रास होते ती 'फॅको' ध्वनिलहरींवर चालते. ती चार्ल्स केलमन या दुसऱ्या अमेरिकन डॉक्टरांची, १९६७ ची. बाथबाईंनी त्या जागी लेसर आणला. म्हणजे माझ्या डोळ्यांचे आभार थेट त्यांना पोचत नाहीत. तरी पुस्तक मिटलं तेव्हा मला त्या बाई ओळखीच्या वाटायला लागल्या होत्या.

आणि मग मी मनातल्या मनात आपलं मराठी कपाट उघडलं.

काळा अमेरिकन संशोधक मराठी घराला नवा नाही, मंडळी. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' १९८१ साली आलं आणि तेव्हापासून बक्षीस समारंभात, वाढदिवसाला, मुंजीत आपण तेच देत आलोय. माझ्याकडे एके काळी तीन प्रती होत्या, दोन परत आल्या नाहीत. ऑफ तासाला मी ते वर्गात मोठ्यानं वाचायची. गुलामीत जन्मलेला जॉर्ज, शिकायला वणवण करणारा, आणि पुढे टस्कीगीला भुईमूग आणि रताळ्याच्या मागे लागलेला. दुष्काळी पाथर्डीतल्या पोरांना तो परका वाटलाच नाही. माती धुपून जाते म्हणजे काय, हे त्यांना समजावावं लागत नव्हतं. थोडं आडवळण घेते. या नात्याचा धागा आपल्याकडे आणखी जुना आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत काळ्या लोकांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना. आणि सावित्रीबाई शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला आल्या त्या आपल्या नगरला, फॅरारबाई या अमेरिकन मिशनरी बाईंकडे. असो.

पण कार्व्हर पुरुष, आणि पुस्तक मोठ्या मुलांचं. गवाणकरांनी पुढे लीझ माइटनर आणि रोझलिंड फ्रँकलीन यांच्यावरही लिहिलं, तीही मोठ्यांसाठीच. दुसरीतल्या मुलीच्या मांडीवर ठेवायला, तिच्या जिल्ह्यातली, तिच्या भाषेतली, काहीतरी शोधून काढणारी बाई आपल्याकडे चित्रांत कुठं आहे? चित्रपुस्तकंच नाहीत असं म्हणायचं नाही. माधुरी पुरंदऱ्यांनी 'राधाचं घर' सारख्या पुस्तकांनी मराठी मुलांना किती सुंदर चित्रं दिली! प्रथम बुक्सनं हवामानशास्त्रज्ञ अण्णा मणींवर चित्रपुस्तक काढलंय. हिऱ्याच्या कुड्या नाकारून वाढदिवसाला ज्ञानकोश मागणारी ही मुलगी, पुढे पुण्याच्या वेधशाळेत उपकरणं तयार करणारी. पण शाळेच्या ट्रंकेत डोकावलं तर अजून 'थोर' मालिकाच हाताला लागते. मुखपृष्ठावर खांद्यापर्यंतचा चेहरा, पहिल्या पानावर 'बालपणापासूनच हुशार', शेवटच्या पानावर पुरस्कारांची यादी. मधल्या पानांत ती व्यक्ती सकाळी उठून नेमकं काय करायची, ते मात्र सापडत नाही.

आणि बाई असेल तर आणखी एक शब्द हमखास येतो. पहिली. पहिली डॉक्टर, पहिली पदवीधर, पहिली अमुक, पहिली तमुक. जणू बायकांनी विज्ञान केलं ते धावण्याच्या शर्यतीसाठी!

कमला सोहोनींचंच घ्या. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. (आणीबाणीत कऱ्हाडच्या व्यासपीठावरून बोलणाऱ्या दुर्गाबाई आपण सगळ्यांनी ऐकलेल्या-वाचलेल्या, पण बहिणीचं नाव मराठीच्या शिक्षकांनासुद्धा ठाऊक नसतं.) वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेतून शिकलेले. कमलाबाईंनी १९३३ साली मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. केलं, तेही पहिल्या क्रमांकानं, आणि त्याच संस्थेत अर्ज केला. संस्थेचे प्रमुख होते सर सी. व्ही. रामन. नोबेल मिळून तीनच वर्षं झालेली. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, की ती मुलगी आहे. कमलाबाई बंगळूरला जाऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. एक वर्ष परीक्षेचं, त्यात काम पसंत पडलं तरच पुढे. मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्री-अपरात्रीही काम करायचं. आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडेल असं काही करायचं नाही. म्हणजे काय, ते बायकांना सांगायला नको. वर्ष संपलं, रामन यांचं समाधान झालं, १९३६ मध्ये कमलाबाई एम.एस्सी. झाल्या आणि संस्थेचं दार पुढच्या मुलींना उघडलं.

दर वर्षी २८ फेब्रुवारीला आपण शाळाशाळांतून विज्ञान दिन करतो तो याच रामन यांच्या शोधाचा. त्यांच्या फोटोला हार, दोन भाषणं, प्रदर्शन. एका वर्षी मी सुचवलं की याच दिवशी कमलाबाईंची हकीकत सांगू या. एक सहकारी म्हणाले, "बाई, लहान पोरांपुढं मोठ्या माणसांचे दोष कशाला?" सांगायचंच असेल तर 'एका प्रमुखांनी प्रवेश नाकारला' एवढंच म्हणा, असा त्यांचा तोडगा. मला तो तेव्हा पटला नव्हता, आजही पटत नाही. दार कुणी लावलं ते नाव घेऊन सांगावं. त्यामुळे रामन यांचा प्रकाशाचा अभ्यास खोटा ठरत नाही. दुसरीतलं मूल सुद्धा घरात बघतच असतं, की आजोबा खूप हुशार आहेत आणि आजीला बोलू देत नाहीत. दोन्ही एकाच माणसात असतं, हे त्याला कळतं. कळत नाही असं आपणच धरून चालतो. स्वतः कमलाबाई उतारवयातही या प्रसंगाबद्दल मोकळेपणानं बोलल्या होत्या. रामन यांचं मोठेपण त्यांनी नाकारलं नाही, आणि झालेला अपमान विसरल्याचं नाटकही केलं नाही. मग चित्रपुस्तकानं तेवढं धाडस करायला काय हरकत आहे?

पण माझं खरं भांडण पुढे आहे. बहुतेक ठिकाणी गोष्ट इथंच संपते. नाकारलं, झगडली, केंब्रिजला गेली, १९३९ साली डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय शास्त्रज्ञ स्त्री. टाळ्या. अहो, पण केंब्रिजला जाऊन तिनं केलं काय? तिथं ती बटाटा बघत होती! प्राण्यांच्या पेशींत सायटोक्रोम सी नावाचं एक द्रव्य असतं, पेशीच्या श्वसनात ते कामाचं. कमलाबाईंनी दाखवलं की ते वनस्पतींच्या पेशींतही आहे. सोप्या भाषेत, बटाट्याची पेशीसुद्धा आपल्या पेशीसारखीच श्वास घेते. सांगा, दुसरीतल्या पोराला यापेक्षा गमतीचं काय सांगणार? टोपलीतला बटाटा काढून कानाशी धरेल ते. प्रबंध त्यांनी लिहिला तो अवघा चाळीस पानांचा. हेही मुलांना आवडेल. (आणि आमच्या प्राध्यापक पुतण्याला वाचायला देणार आहे.)

बरं, 'पहिली' तरी धड टिकतं का? जानकी अम्माल यांना मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ सालीच मिळालेली. मग लोक वाद घालतात, ती वेगळी पदवी, ही वेगळी पदवी. घाला. तोवर बटाटा बाजूलाच पडतो. परत आल्यावरही कमलाबाईंनी डाळी-कडधान्यांतली प्रथिनं तपासली. मुंबईच्या विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांना घेऊन नीरेवर काम केलं. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी सुचवलेलं ते काम. ताडाच्या त्या गोड रसात जीवनसत्त्वं आणि लोह आहे, आदिवासी भागातल्या कुपोषित मुलामुलींना आणि गरोदर बायकांना त्याचा उपयोग होतो, असं दाखवून दिलं. निवृत्त झाल्यावर ग्राहक चळवळीत जाऊन अन्नातल्या भेसळीबद्दल लिहीत राहिल्या. १९९८ मध्ये त्या गेल्या. बटाटा, डाळ, ताडी होण्याआधीची नीरा, भेसळीचं तिखट. सगळं स्वयंपाकघरातलं! चित्रकाराला यापेक्षा काय हवं? पण आपण त्यांच्या हातात प्रत्येक वेळी पदवीची गुंडाळी देतो.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. नगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून अहिल्यानगर म्हणायचं, माझ्या तोंडात अजून बसत नाही) एका टोकाला आमची पाथर्डी, दुसऱ्या टोकाला अकोले. तिथल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला माहीतच आहेत. महादेव कोळी समाजातल्या, शाळेत जायला न मिळालेल्या. पावसाळ्यात आपली कोरडवाहू शेती आणि उरलेल्या दिवसांत साखर कारखान्यावर मजुरी, असं त्यांच्या घरानं काढलेलं. नातू आजारी पडायला लागला, ते विषारी फवारणीच्या भाजीपाल्यामुळे असं त्यांचं मत झालं. मग त्यांनी जुनं देशी बियाणं शोधायला आणि राखायला सुरुवात केली. भात, वाल-घेवडा, नाचणी-वरई, कडधान्यं, रानभाज्या. पुढे बायफ संस्थेची साथ मिळाली, कळसूबाई परिसरात बियाणं राखणारी समिती उभी राहिली, घरात बियाण्यांची बँक झाली. डॉ. रघुनाथ माशेलकरांनी त्यांना 'बीजमाता' म्हटलं. २०१८ मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांत त्यांचं नाव आलं, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि २०२१ च्या नोव्हेंबरात राष्ट्रपती भवनात ती त्यांनी स्वीकारली.

कुणी म्हणेल, बाई, विषय शोध लावणाऱ्यांचा चाललाय, राहीबाईंनी नवं काय शोधलं? बी तर होतंच की. मी मराठीची शिक्षिका, मला आपला शब्द फार उपयोगी वाटतो. 'शोध लावणे' आणि 'शोध घेणे', दोन्हीत शोधच. इंग्रजीत नवं यंत्र बनवण्याला एक शब्द, असलेलं उजेडात आणण्याला दुसरा आणि हरवलेलं हुडकायला तिसरा. आपल्याकडे एकाच शब्दात तिघी बसतात. बाथबाईंनी यंत्र केलं, कमलाबाईंनी बटाट्यात असलेलं दाखवलं, राहीबाईंनी हरवत चाललेलं हुडकलं. आणि हुडकणं सोपं नसतं. कोणता वाल कोणत्या वालापेक्षा वेगळा, कोणता कमी पावसात तग धरतो, कोणत्याला कीड लवकर लागते, हे वर्षानुवर्षं बघितल्याशिवाय कळत नाही. पेरायचं, बघायचं, निवडायचं, पुन्हा पेरायचं. याला प्रयोग म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? आपल्या देशानं २००१ साली वाणांच्या संरक्षणाचा कायदा केला, त्यातसुद्धा शेतकऱ्यानं राखलेल्या वाणाची नोंद त्याच्या नावानं करायची सोय ठेवली आहे.

माझ्या सासूबाई आठवतात. आमच्या भागात घरोघरी उतरंड असायची. बाजरी, मठ, हुलगे, तूर यांचं बी निवडून, वाळवून, राखेत घोळवून गाडग्यात भरायचं, वर शेणामातीनं तोंड लिंपायचं. कुठल्या गाडग्यात काय, हे फक्त त्यांना ठाऊक. घरातल्या पुरुषमाणसांना पेरणीच्या दिवशी त्यांच्याकडेच हात पसरावा लागे. मग दुकानातली पिशवी आली आणि उतरंड अंगणात गेली. आम्ही शिकलेल्या सुनांनी तिच्यात तुळस आणि कोरफड लावली.

तर राहीबाईंवर चित्रपुस्तक व्हावं, आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत जावं, असं मला मनापासून वाटतं. भीतीही तितकीच वाटते. का, ते सांगते.

पद्मश्रीची बातमी येऊन गेल्यावर एका शाळेत महिला दिनाचा कार्यक्रम होता. मी सेवानिवृत्त म्हणून समोर पहिल्या रांगेत. प्रमुख पाहुण्यांनी राहीबाईंची गोष्ट रंगवून सांगितली. सगळा भर एकाच वाक्यावर. शाळेची पायरीसुद्धा न चढता ही बाई राष्ट्रपती भवनात पोचली! तीनदा म्हणाले. टाळ्या वाजल्या. कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी सहावीतली एक मुलगी माझ्याशी बोलत होती. आईबाप ऊसतोडीला जाणारे. ती अगदी सरळ आवाजात म्हणाली, "बाई, मग मी नाही आले शाळेत तरी चालतंय की." चेष्टा नव्हती. तिचं दिवाळीनंतरचं ठरत होतं.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमचा तालुका आणि शेजारचा बीड जिल्हा, इथली हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास उसाच्या फडात जातात ती उन्हाळा लागताना परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. बरोबर पोरं. कोपीवर धाकट्याला सांभाळायला मोठी बहीण लागते, म्हणून मुलीचं नाव पटावर आणि मुलगी फडावर. हंगामी वसतिगृहं, साखरशाळा यांनी काही मुलं टिकली, सगळी नाही. अशा मुलीला 'शाळा न शिकता पद्मश्री' हे वाक्य म्हणजे सुटलेल्या शाळेचं प्रमाणपत्रच.

राहीबाईंना शाळा मिळाली नाही हे त्यांचं कर्तृत्व नव्हे. ती आपली, आपल्या समाजाची बाकी आहे. त्यांच्या अंगावर ते दागिन्यासारखं मिरवायचा आपल्याला काय अधिकार? त्यांच्या घरच्या बियाण्याची नोंद ठेवायला, पिशव्यांवर नावं घालायला अक्षरं लागतातच. त्यांनी उभारलेलं काम पुढे न्यायला वाचणारी-लिहिणारी मुलगी हवी.

दुसरी बाजूही आहे, आणि ती आम्हा मास्तर लोकांवर येते. ही मुलगी शाळेत आली तर तिला आम्ही काय सांगतो? विज्ञान परदेशातल्या प्रयोगशाळेत असतं, काचेच्या नळ्यांत. तुझ्या आईच्या गाडग्यात असतं ते अडाणीपण. मी नोकरी केली त्या एका शाळेत (नाव राहू दे) विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मुली प्रयोगशाळा झाडायच्या, रांगोळी काढायच्या आणि दुसऱ्या दिवशी मुलगे पाहुण्यांना प्रयोग दाखवायचे. मी दोनदा बोलले. मराठीच्या बाईंनी विज्ञानात पडू नये, असं उत्तर मिळालं. बक्षीस ज्वालामुखीला मिळायचं, दर वर्षी. खायचा सोडा, व्हिनेगर आणि लाल रंग. तुरीच्या आठ जातींचं बी चिकटवून आणलेला एका मुलीचा पुठ्ठा कोपऱ्यात उभा होता. त्याला कुणी विचारलं नाही.

म्हणून चित्रपुस्तकात तिच्या हातात काय द्यायचं, हा प्रश्न मला बारीक वाटत नाही. अक्षर न येणारं मूल आधी चित्रच वाचतं. लहान मुलीला पान तीनवर शाल-श्रीफळ दिसलं तर तिला कळतं की मोठं होणं म्हणजे शाल मिळणं. पान तीनवर बाई वाकून दोन वालाच्या शेंगा शेजारी शेजारी धरून बघताना दिसली, तर ती मुलगी संध्याकाळी अंगणात जाऊन दोन शेंगा तशाच धरते. मी मुलांना चाळीस वर्षं बघितलंय, ती धरतेच.

काहीजण म्हणतील, पुरस्कार दाखवले नाहीत तर मुलांना ती मोठी आहे हे कळणार कसं? मला वाटतं, पाच-सहा वर्षांच्या मुलाला मोठेपणाची गरजच नसते. त्याला 'मग काय झालं?' हवं असतं. नातू आजारी पडला. मग? आजीला भाजीचा संशय आला. मग? आजीनं जुनं बी शोधलं. मिळालं का? एका घरी मिळालं, दुसऱ्या घरी संपलं होतं. मग? पुस्तक याच्यावर चालतं. पद्मश्री शेवटच्या पानावर छोट्या अक्षरांत पुरेल.

मी नुसतं बोलून थांबले नाही. आमच्याकडे एक निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत, वय माझ्याहून दोन वर्षं जास्त, हात अजून स्थिर. आम्ही दोघं मिळून सोळा पानांचा एक कच्चा आराखडा करतोय. छापायचं पुढचं पुढे. राहीबाईंच्या घरी दाखवल्याशिवाय, त्यांची परवानगी घेतल्याशिवाय एक पानही बाहेर जाणार नाही. जिवंत माणसाची गोष्ट आहे, आपल्या मनानं काही घालायचं नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं. सरांना राष्ट्रपती भवनाचे खांब काढायची फार हौस होती. ते मी मागच्या कव्हरच्या आतल्या बाजूला ढकललं. दोन दिवस बोलले नाहीत.

शाळेचं पान सगळ्यात अवघड गेलं. सर म्हणाले वगळू या. मी म्हटलं, नाही. शेवटी ठरलं ते असं. एका बाजूला शाळा, दार उघडं, आत मुलं, आणि बाहेर एक लहान मुलगी. खाली एकच ओळ, की हिला शाळेत जायला मिळालं नाही. 'तरीही' नाही, 'पण' नाही. वाचून दाखवणाऱ्या बाईंनी तिथं थांबावं आणि मुलांना विचारावं, का मिळालं नसेल? आमच्या भागातल्या वर्गात उत्तरं येतील, मला खात्री आहे. काही उत्तरं ऐकायला जड जातील.

आणि शेवटून दुसऱ्या पानावर एक शाळकरी मुलगी बियाण्याच्या पुडीवर नाव लिहितेय. शेजारी बाई बोटानं दाखवतेय की ही पुडी वेगळी, ती वेगळी. एकीला बी ओळखता येतं, दुसरीला लिहिता येतं. हे पान सरांनी एका बैठकीत काढलं, खोडलं नाही.

सध्या आमचं घोडं वालाच्या रंगांवर अडलंय. पांढरा, तपकिरी, काळा, ठिपक्यांचा, हे आम्हाला आठवतंय, पण सरांचं म्हणणं, आठवणीतून रंग काढायचा नाही. बाजारात एकाच रंगाचा मिळतो. तेव्हा मंडळी, गावाकडे कुणाच्या घरी, आत्याकडे, मावशीकडे, माळ्यावरच्या डब्यात जुन्या वाल-घेवड्याचं बी असेल तर चिमूटभर पाठवा. मोबाईलवर फोटो नको, त्यात रंग बदलतो. कागदाच्या पुडीत बांधून पाठवा आणि पुडीवर गावाचं नाव आणि ज्यांनी राखलं त्या बाईंचं नाव तेवढं न विसरता लिहा.